दामदुपटीची भाजी

गेल्या श्रावणात एका दुपारी माझा पुतण्या पावसात भिजत घरी आला आणि खिशातून तपकिरी काचेची एक छोटी बाटली काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवली. "काका, या बाटलीत दुप्पट मोठा दुधी आहे," तो म्हणाला. पोरगा विज्ञानाचा पदवीधर. मुंबईची नोकरी सोडून गावच्या दोन एकरांवर भाजीपाला करतो. चिपळूणच्या बाजारात त्याची भेंडी आणि पडवळ येते, आणि भाव काय मिळतो ते मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. बी या औषधात भिजवले, की रोपाची गुणसूत्रे दुप्पट होतात आणि फळे राक्षसी आकाराची येतात, असे त्याने वाचले होते. दुधी, तवसं, मुळा, सगळ्यांवर प्रयोग करायचा त्याचा बेत होता. मला तो सल्ला विचारीत होता. पण निवृत्त बँक अधिकाऱ्याला लोक सल्ला विचारतात तेव्हा बहुधा कर्ज मागत असतात, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

चष्मा लावून बाटलीवरचे नाव वाचले आणि मला हसू आले. कोल्चिसीन. त्याच नावाची गोळ्यांची पट्टी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला अधूनमधून वातरक्ताची कळ येते. रात्री पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली अर्ध्या मिलिग्रॅमची ही गोळी घ्यायची, आणि सांगितल्यापेक्षा एकही जास्त घ्यायची नाही. जास्त झाली तर काय होते याचा एकदा अनुभव घेतला आहे. तो दिवस परसाकडे ये-जा करण्यात गेला.

आणि तिसरी गंमत अशी, की हेच द्रव्य त्या वेळी माझ्या मागच्या कुंपणावर फुलले होते. कोकणातल्या वाचकांना कळलावी सांगायला नको. आषाढ-श्रावणात गडग्यावर, करवंदीच्या जाळीत ती चढते. पानाच्या टोकाचीच वेटोळी करून आधार धरते. फुलाच्या पाकळ्या आधी पिवळट हिरव्या, मग टोकाकडून लाल होत जातात, जणू चुलीतला जाळ. म्हणूनच संस्कृतात ती अग्निशिखा. कुणी तिला खड्यानाग म्हणतात, कुणी वाघनखी. लांगली हे तिचे आणखी एक नाव, कारण तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो. आयुर्वेदाने जी सात उपविषे सांगितली त्यांत लांगली आहे आणि धोत्राही आहे. जुन्या काळी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरीत, त्यावरून कळलावी. पुढे भांडणे लावणाऱ्या माणसालाही तेच नाव चिकटले. माझी आई हे झाड अंगणात ठेवू देत नसे. घरात कलागती होतात म्हणे. कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते आणि चुकून कंद खाल्ला तर माणूस दगावतो, हे पाहिले तर आईचा नियम अगदीच अडाणी म्हणता येणार नाही. तमिळनाडूने हिलाच आपले राज्यफूल केले आहे. तिथले शेतकरी बियांसाठी तिची रीतसर लागवड करतात आणि ते बी औषधासाठी परदेशी जाते.

आता हे विष भोपळा मोठा कसा करते? मी काही शास्त्रज्ञ नाही. पण नोकरीच्या काळात कृषी कर्जे पाहिली, आणि कादंबऱ्या लिहिताना पुस्तके धुंडाळायची खोड लागली. त्यातून समजले ते असे. पेशी विभागायच्या आधी तिच्यातल्या गुणसूत्रांच्या प्रती तयार होतात. मग अतिशय बारीक तंतूंचा एक सांगाडा उभा राहतो आणि एक प्रत इकडे, एक तिकडे ओढून नेतो. कोल्चिसीन हा सांगाडाच उभा राहू देत नाही. प्रती तयार, वाटणी मात्र नाही. दोन भावांचे बिऱ्हाड एकाच घरात तुंबून राहिल्यासारखी ती पेशी दुप्पट गुणसूत्रे पोटात घेऊन फुगते. वाटणी रखडलेले घर कोकणात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. औषधाचा अंमल उतरला, की ती पेशी पुढे विभागू लागते, पण दुप्पट संख्येनिशीच. पेशी मोठ्या म्हणून पान जाड, फूल मोठे, परागकण मोठे. माझ्या अंगठ्याला उतार पडतो तोही याच गुणामुळे. सुजेच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या पेशींना हालचालीसाठी तेच तंतू लागतात.

कोल्चिसीन वेगळे काढले पेल्तिए आणि कावाँतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी, १८२० साली, युरोपातल्या एका केशरासारख्या दिसणाऱ्या फुलझाडातून. पण वनस्पतीची गुणसूत्रे त्याने हुकमी दुप्पट करता येतात हे जगाला कळले १९३७ साली, अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांच्या प्रयोगांमुळे. ब्लेकस्ली यांचे आयुष्य गेले ते धोत्र्याच्या अभ्यासात. एका उपविषाने दुसऱ्या उपविषाची गुणसूत्रे वाढवली, असे आपल्या वैद्यबुवांनी म्हटले असते. मग अमेरिकेत लाटच आली. १९४० च्या सुमारास बर्पी या बियाणे कंपनीने दुप्पट गुणसूत्रांचा झेंडू बाजारात आणला. आपल्याकडेही फार उशीर झाला नव्हता. एल. एस. एस. कुमार यांनी साध्या मुगाची आणि दुप्पट गुणसूत्रांच्या मुगाची तुलना करणारा निबंध १९४५ साली छापला. त्याच वर्षी तेल्लिचेरीच्या जानकी अम्मल यांनी सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडात विस्ली येथील बागेत त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसीनचे प्रयोग केले. त्यांतल्या एका झाडाला त्यांचे नाव आहे. आणि माणसाच्या पेशीत ४८ नव्हे तर ४६ गुणसूत्रे असतात हे १९५६ साली स्वीडनमध्ये त्जियो आणि लेवान यांनी मोजले, त्या मोजणीतही पेशींना ऐन विभाजनात थोपवून धरायला हेच कोल्चिसीन होते.

एवढा इतिहास सांगायचे कारण, रसायन हा शब्द ऐकला की आमच्याकडे लोक दचकतात. दचकण्याला कारण आहे. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्याला आणि दाभोळ खाडीत जाळे टाकणाऱ्याला रसायन म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण भीतीने सगळेच एका पोत्यात भरून चालत नाही. दुधीला सुई टोचून रात्रीत फुगवतात ही बाजारातली कुजबूज वेगळी. नाशिक-सांगलीचे बागाइतदार द्राक्षाचे घड जिबरेलिक आम्लात बुडवतात ते वेगळे; तिथे त्या हंगामातला मणी फुगतो, वेलाची जात बदलत नाही. आमच्या आंबेवाल्यांचे कल्टार वेगळे. ते झाडाची वाढ रोखून मोहोर आणते. बीटी वांग्याला २०१० साली केंद्र सरकारने स्थगिती दिली, तिथे प्रश्न परक्या जिवाच्या जनुकाचा होता. कोल्चिसीन परके काही आत घालत नाही. आहे तेच दुप्पट करते. औषध लागते ते एका रोपाला, एका पिढीत. त्या रोपाचे बी पुढे पेरले, की संख्या उरते, विष उरत नाही.

आणि जास्तीच्या गुणसूत्रांना घाबरायचे तर आपल्याला उपाशी राहावे लागेल. खपली गहू आणि बन्सी यांत २८ गुणसूत्रे, चपातीच्या साध्या गव्हात ४२. देशी कापसात २६, अमेरिकन कापसात ५२. बटाट्यात ४८, रताळ्यात ९०. हे सगळे निसर्गाने आणि शेतकऱ्यांनी मिळून केले, कोल्चिसीनचे नाव कुणी ऐकण्याआधी हजारो वर्षे. केळे तर आपण नैवेद्याला ठेवतो. त्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. तीनाची दोघांत सरळ वाटणी होत नाही म्हणून त्यात बी धरत नाही. मधोमध दिसतात ते काळे ठिपके म्हणजे राहून गेलेल्या बिया. केळीची चुलत बहीण चवई पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर उगवते. तिचे फळ फोडून पाहा, आत टणक काळ्या बियाच बिया. दाताला लागल्यावर केळीवाल्याचे उपकार आठवतात.

तेव्हा पुतण्याला मी "हे पाप आहे" असे म्हणालो नाही. मी म्हणालो, "हिशेब मांडू."

दुप्पट हा शब्द बँकेतल्या माणसाला जितका ओळखीचा तितका कुणाला नसेल. १९८८ साली किसान विकास पत्रे निघाली तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट या तीन शब्दांवर टपाल कचेरीसमोर रांगा लागल्या, आणि आमच्या ठेवी तिकडे जाताना आम्ही काउंटरमागून बघत बसलो. त्याच्याही फार आधीचा आपला दामदुपटीचा नियम आहे. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये, असे धर्मशास्त्र सांगते आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही ते मानले. सावकाराला दुपटीशी थांबवणारा हा नियम वनस्पतींनाही लागू दिसतो. दोनाचे चार संच झाले तर रोप बहुधा दांडगे होते. चाराचे आठ केले, की पुष्कळदा खुरटते, पाने सुरकुततात. आणि पहिली दुपटी तरी फुकट कुठे आहे? औषध लावलेल्यांतली बरीच रोपे मरतात. जगलेल्यांतली कित्येक अर्धवट असतात, एक फांदी दुप्पट, दुसरी साधी. जी खरोखर दुप्पट होतात ती सावकाश वाढतात, उशिरा फुलतात आणि बी कमी धरतात. पेशी मोठी झाली ती बऱ्याच अंशी पाण्याने. वजनकाट्यावर ते पाणी भाजीच्या भावाने विकले जाईल, कबूल. पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल का?

जाणकारांनी यावर एक आडाखा बांधला आहे. ज्या पिकात मुळात गुणसूत्रे थोडी, ज्याचे परागीकरण दुसऱ्या झाडाकडून होते, आणि ज्याचे पान, खोड किंवा मूळ आपल्याला हवे असते, बी नव्हे, तिथे दुपटी फळते. दिल्लीच्या पुसा संस्थेने कोल्चिसीनच्या साह्याने काढलेला बरसीम हा चारा, ज्याच्या नावातच जायंट आहे, या आडाख्यात बसतो. गाय बी मागत नाही. मूग बसत नाही, कारण मुगाचे तर बीच खायचे. आता दुधी आणि तवसं कुठे बसतात ते पुतण्यानेच सांगावे, असे मी म्हटले. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, कलिंगड?"

हा प्रश्न चांगला होता. बिनबियांचे कलिंगड ही कोल्चिसीनची सर्वांत गोड करामत. जपानमध्ये किहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महायुद्धानंतरच्या वर्षांत ती साधली. साध्या कलिंगडात २२ गुणसूत्रे. कोल्चिसीनने त्याची ४४ करायची. ४४ च्या मादीफुलावर २२ चे पराग टाकायचे, की मिळणारे बी ३३ चे. ते पेरले, की वेल येतो, फळ येते, आत बी नाही, केळ्यासारखेच. पुसाने आपल्याकडे असे वाण काढले, त्याचे नाव पुसा बेदाणा. पण केळीला मोना फुटतो, कलिंगडाला फुटत नाही. ३३ चे बी दर वर्षी नव्याने, ४४ आणि २२ चा संकर करूनच बनवावे लागते. ते रुजते कष्टाने, आणि फळ धरायला शेतात जोडीला साधे कलिंगडही लावावे लागते, परागांसाठी. ज्याच्याकडे ४४ चा वेल आहे त्याच्या दारात दर हंगामात जायचे, दुसरी वाट नाही.

माझे भांडण असलेच तर ते या जागी आहे. २००१ साली आपल्या संसदेने पिकांच्या वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, आणि कंपनीच्या नावाचा शिक्का न मारता विकायचाही हक्क त्यात आहे. चांगला कायदा आहे. पण ज्या फळात बीच नाही तिथे त्या हक्काचे काय करायचे? कायदा कुणी मोडला नाही, हक्क कुणी काढून घेतला नाही, फक्त मुठीत काही उरले नाही. पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवे, की हे बी पुढच्या वर्षाला उपयोगी नाही. मी पाहिलेल्या पिशव्यांवर उतारा आणि गोडी ठळक असते. बाकीचे वाचायला माझा चष्मा पुरत नाही.

हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा आमच्या तळमजल्यावर माणूसभर पाणी होते. १८६४ पासूनच्या आमच्या वाचन मंदिराची पुस्तके त्यात गेली, त्याचे दुःख मी अन्यत्र लिहिले आहे. माझ्या मागच्या पडवीत आईच्या वेळचा पत्र्याचा डबा होता. त्यात राखेत घोळवलेले तवशाचे बी. आई गेली तरी दर वर्षी त्यातले पेरायचे आणि नवे भरून ठेवायचे हा क्रम मी चालू ठेवला होता. चिखल उपसताना डबा सापडला. आत काळा लगदा. त्या दिवसांत तांदूळ, गाद्या, फ्रिज सगळेच रस्त्यावर टाकले जात होते. मूठभर बियांसाठी हळहळायला वेळ कुणाला होता? पण पुढच्या मे महिन्यात दसपटीतली माझी आत्या आली आणि तिने पदराच्या गाठीतून तेच बी काढून दिले. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या आईनेच तिला दिले होते. अगदी तेच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मधमाशी कुणाच्या वेलावरून कुणाच्या वेलावर जाते याची नोंद कुठल्या खातेवहीत नसते. पण त्या पावसाळ्यात मांडवावर लटकलेले तवसं आईच्या तवशासारखेच होते, टोकाला किंचित बाकदार. हे बी तेहतिसाचे असते तर आत्याच्या गाठीत काय असते?

एक कबुलीही द्यायला हवी. २००० नंतरच्या काही वर्षांत मी एका शाखेत शेती कर्जे पाहत असताना सफेद मुसळीची लाट आली होती. रोपे आमची, माल आम्हीच विकत घेऊ, असे सांगत एक कंपनी गावोगाव फिरत होती. नफ्याचे कोष्टक इतके देखणे होते, की मी चार प्रकरणांवर शिफारशीची सही केली. माल तयार झाला तेव्हा कंपनीच्या कचेरीला कुलूप होते. त्यातला एक शेतकरी हप्ता भरायला आला तो गाय विकून. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. त्याने पावती घडी करून खिशात ठेवली आणि "येतो साहेब" म्हणाला. तेव्हापासून दुप्पट हा शब्द ऐकला, की मी आधी विचारतो, पुढच्या वर्षी काय?

राक्षसी भोपळ्यांचे म्हणाल तर एक गोष्ट पुतण्याला ठाऊक नव्हती. परदेशांतल्या स्पर्धांत बाराशे किलोंच्या पुढे जाणारे जे लाल भोपळे आपण छायाचित्रांत पाहतो ते कोल्चिसीनचे नव्हेत. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचे हॉवर्ड डिल नावाचे शेतकरी वर्षानुवर्षे सर्वांत मोठ्या फळाचे बी राखत आणि आपसात संकर करीत गेले. त्यातून जो वाण आला त्याच्याच वंशातले हे भोपळे. वेलावर एकच फळ ठेवायचे, बाकीची खुडायची, आणि खत-पाण्याची पराकाष्ठा करायची. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका हे लांब मण्यांचे द्राक्ष मिळवले तेही बाटलीतून नव्हे. वेलावर आपसूक झालेला बदल त्यांच्या नजरेने हेरला आणि त्यांनी ती काडी जपली.

मग कोल्चिसीन टाकून द्यायचे का? मुळीच नाही. कोकणात दुपटीच्या आडाख्यात बसण्याजोगी पिके आहेत. अळू, कोनफळ, सुरण यांची लागवड कंदाने होते. बी न धरल्याने त्यांच्या शेतकऱ्याचे काही जात नाही, कारण पुढच्या वर्षीचे बेणे त्याच्याच मातीत असते. हे काम दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या सरकारी संस्थेने करावे, सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजून करावे, दहा वर्षे लागली तर लागू द्यावीत, आणि बेणे शेतकऱ्याच्या हाती द्यावे. १९७२ पासून ते विद्यापीठ आमच्या उशाशी आहे. आंब्यासाठी त्याने पुष्कळ केले. कंदांनाही दिवस यावेत. पण गोठ्याशेजारी, पाण्याच्या हंड्याजवळ, लहान मुले खेळतात तिथे हे विष घोळवायचे नाही. याचा खात्रीचा उतारा नाही, आणि मिलिग्रॅमचा फरक स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजता येत नाही. गोळीच्या बाबतीत मी ते अनुभवले आहे, आणि माझ्याकडे निदान डॉक्टरांची चिठ्ठी होती.

पुतण्या नाराज झाला. दोन दिवस फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "काका, बाटलीचं काय करू?" आम्ही दोघे ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे गेलो आणि बाटली महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जमा केली. विद्यार्थ्यांना कांद्याच्या मुळाच्या टोकातली गुणसूत्रे दाखवायला ती उपयोगी पडेल असे ते म्हणाले. रजिस्टरात नोंद करून त्यांनी सही घेतली, हे मला आवडले.

तिथून आम्ही आत्याला फोन लावला. तवसं मोठं कसं करायचं, असे पुतण्याने विचारले. ती म्हणाली, "अरे, वेलावर एकच ठेव, बाकीची कोवळी खुडून कोशिंबीर करा. आणि खाली शेणाची राख घाल." नोव्हा स्कोशियाचे नाव तिने ऐकलेले नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी पुतण्याने ते तवसं आणले. काट्यावर चार किलोंना थोडे कमी भरले. सौभाग्यवतींनी त्याचे धोंडस केले, आत्याकडेही एक डबा पाठवला. बियांसाठी पुतण्याने दुसऱ्या वेलावरचे एक न तोडता ठेवले होते. ते चांगले पिवळे पडल्यावर, पितृपक्षात, त्याने काढून आणले.